खर्जाला उसंत नाय

"बाबा, तुम्ही उठा आता. आम्ही कीबोर्ड मागवतो," पुण्याहून आलेले संगीताचे डायरेक्टर म्हणाले. मी ऑर्गनची मागची फळी काढून खाली फरशीवर बसलो होतो. उठलो नाय.

छावणीतल्या चर्चचा हा पायानं भाता मारायचा ऑर्गन. चाळीस वर्षं त्याचं रिपेरिंग माझ्याकडं. शाळा माझी चौथीपर्यंत. भीमगीतांच्या पार्टीत पेटी वाजवता वाजवता पेट्या खोलायला शिकलो. एकदा कीबोर्ड आला की ऑर्गन उंदरांचा, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी प्रोग्राम होता. बरोक, म्हणजे युरोपातलं तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत. आणि खालचा जाड सूर वाजता वाजता मधेच मुका व्हायचा.

"रीड खराब आहे, कानस मारा," डायरेक्टर म्हणाले. रीड म्हणजे पितळेची पट्टी, हवेनं थरथरते. कानशीनं घासून गेलेलं पितळ परत येत नाय.

"रीड चांगली हाय. मी कानस लावणार नाय."

"बरोक कळतं का तुम्हाला?"

"नाय कळत. सांगा, ऐकतो."

कोयरमध्ये, म्हणजे चर्चच्या गाणाऱ्यांत असलेल्या रूथताई हसल्या. "सांगाच सर. बाबा उठायचे नाहीत."

मग डायरेक्टरांनी सांगितलं. फ्यूग म्हणजे एकानं ओळ घ्यायची, तीच दुसऱ्यानं वेगळ्या सुरावरून उचलायची, मग तिसऱ्यानं. पहिला गप्प बसत नाय. आमच्या पार्टीत कोरस निदान पुढचा गाणारा थांबल्यावर तरी उचलायचा. आणि बासो कंटिन्युओ म्हणजे या सगळ्याखालचा खर्ज. तो पहिल्यापासून शेवटपर्यंत चालूच.

"थांबतच नाय?"

"नाही."

"मग झालं. रविवारच्या गाण्यात कडवं संपलं की हात उचलतात, भात्याला उसंत मिळते. तुमच्यात उसंतच नाय. जाड रीडला हवा लई लागते, म्हणून ती आधी मुकी होते. भाता फाटलाय."

टॉर्च मारली. भात्याच्या घडीत कातडं बोटभर चिरलेलं. मागच्या नाताळाला ते मीच घाईघाईत चिकटवलं होतं. तेही सांगून टाकलं. "चूक माझी हाय. रीडची नाय."

मी जुनं कातडं खरवडून काढलं, बकरीचं नवं कातडं सरसानं बसवलं, सुकेपर्यंत वर विटा ठेवल्या.

संध्याकाळी खर्ज एकदाही मुका झाला नाय. मागवलेला कीबोर्ड बाहेर गाडीतच राहिला.

तेव्हापासून ऑर्गन खोलायच्या आधी मी विचारतो, काय वाजवणार? आणि कुणी उठा म्हणलं की अजून थोडं बसतो.