आपण आणि आम्ही

बासिलिया कोंदोरीच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली ती रस्ता अडवताना. नवी राज्यघटना हवी म्हणून पठारावरच्या गावांनी सरकार बसतं त्या ला पाझ शहराकडे जाणारे रस्ते दगडांनी बुजवले, तेव्हा ती रात्रंदिवस बर्फात बसून राहिली. शेजारीण फेलिपा चिडवायची, "चला, बूट तरी सैल झाला!" बासिलियाही हसायची. बोटं फुकट गेली नव्हती. घटनासभा भरणार होती.

गावाला त्या घटनेत एकच गोष्ट हवी होती. वरच्या खाणीला झऱ्याचं पाणी द्यायचं, तर आधी गावाची परवानगी. माणसं आणि लामा, सगळे त्या एका झऱ्यावर. हे मांडायला गावानं बासिलियाच्याच मुलाला, रेमिहिओला, निवडून दिलं. निघताना मैदानात तो म्हणाला, "आपण घटना लिहायला निघालोय." म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. त्यांच्या आयमारा बोलीतही ऐकणाऱ्याला धरून 'आपण' आणि वगळून 'आम्ही'. यात तिथलं शेंबडं पोरही चुकत नाही.

तो परतला त्या दिवशी बायकांनी मैदानात एकच लांब चादर अंथरून तिच्यावर घरोघरचं जेवण मांडलं होतं.

"परवानगीच्या जागी 'सल्ला' असं आलंय," रेमिहिओ कॉलर सारखी करत म्हणाला. "खाणवाले तुम्हाला विचारतील. तुम्ही नाही म्हणालात, तर सरकार ठरवेल. आम्ही खूप भांडलो, पण शेवटी आम्ही मान्य केलं."

शेंगा सोलणारे फेलिपाचे हात थांबले. "आम्ही म्हणजे कोण रे, बाळा?"

"आम्ही म्हणजे... सभेतले."

जीभ घसरली असेल, बासिलियानं मनाला समजावलं. वर्षभर सभेसाठी सुक्रे शहरात राहून स्पॅनिशच बोलत होता. त्या भाषेत दोन्हीला एकच शब्द. तरी तिनं विचारलं, "आणि झरा कुणाचा रे, राजा?"

"तुमचाच की, आई."

रेमिहिओ तिच्याशेजारी टेकला. वाफाळत्या बटाट्यांकडे हात नेत म्हणाला, "सकाळपासून उपाशी आहे गं. बसूया ना आपण जेवायला?"

कुणी अजून घासही घेतला नव्हता. बासिलियानं आपल्या बाजूचं चादरीचं टोक उचलून बटाट्यांवर ओढलं.

"आम्ही जेवलो," ती म्हणाली.