दुभंगलेला समुद्र

बाबा गेल्यावर पंधरा दिवसांनी त्यांनी मागवलेलं पार्सल घरी आलं. आत त्यांच्या आवडत्या, बायबलमधल्या कथेवरच्या जुन्या सिनेमाची नवी डीव्हीडी होती. आमची व्हिडिओ कॅसेट झिजली होती. समुद्र दुभंगायचा तेव्हा टीव्हीभर नुसत्या पांढऱ्या रेघा दिसायच्या. "चांगली प्रिंट येऊ दे, मग बघ," असं बाबा म्हणायचे.

दुपारी आई आणि मी ती लावून बसलो. चित्र खरंच लख्ख होतं. पाण्याच्या दोन भिंती उभ्या राहिल्या आणि मधल्या वाटेनं माणसं चालू लागली. त्यात म्हातारी होती, लेकुरवाळ्या होत्या, शेळ्या हाकणारे होते. एकेक चेहरा स्पष्ट दिसत होता. मला मात्र काहीच वाटत नव्हतं. रडूसुद्धा येत नव्हतं. जाणारे असे पलीकडे जातात आणि उरलेले काठावर बसतात, एवढंच कुठंतरी कळत होतं.

"इथंच थांबव," आई म्हणाली.

"का गं? अजून बराच राहिलाय."

"पुढं पाणी मिटतं."

मी बटण दाबलं. समुद्र उघडाच राहिला. दिवेलागण होईपर्यंत आम्ही दोघं त्या कोरड्या वाटेकडे बघत बसलो.