पायांचा पोर्शन

आमच्या घरातल्या चार पिढ्या पायांवर जगल्या. डोक्यावर जगायला निघालेली पहिली मी, आणि नेमके माझेच पाय ऐन वेळी कामातून गेले.

बाबा राहनाळच्या गोडाऊनमध्ये हमाल होते. ट्रकला लावलेल्या फळीवरून कापडाच्या गाठी पाठीवर घेऊन दिवसभर चढायचं आणि उतरायचं. आई भाजीवाली. डोक्यावर पाटी घेऊन राहनाळहून भिवंडीत चालत जायची, गल्ल्या फिरायची, इमारतींचे जिने चढायची आणि चालतच परत यायची. रिक्षा हे फक्त आजारी माणसांचं वाहन आहे, अशी तिची ठाम समजूत होती. एका पावसाळ्यात बाबांचा पाय फळीवरून घसरला आणि ते दोन महिने घरी बसले. त्या दोन महिन्यांत आम्ही आईच्या पाटीत उरलेली भाजी तेवढी खाल्ली. (दोडका मी आजही खात नाही.) तेव्हाच बाबा मला म्हणाले होते, "पोरी, तू शीक. आमचे पाय झिजले तेवढे बास."

मी शिकले. बी.ए. झाले. आमच्या आळीतली पहिली ग्रॅज्युएट. काळ्या गाऊनमधला माझा फोटो बाबांनी देव्हाऱ्याच्या शेजारी लावला, तोही देवांपेक्षा चार बोटं वर. सहा वर्षं मी अर्ज भरत राहिले आणि शेवटी पोलीस भरतीचं कॉल लेटर आलं. आधी ग्राउंड, मग लेखी. लेखीची मला चिंता नव्हती, मी बी.ए. होते. ग्राउंडला मात्र तीन किलोमीटर धावायचं होतं. अर्जाचं वय निघून चाललेलं, घरात दुसरं कॉल लेटर यायची आशा नाही. म्हणजे हे गेलं तर पाटी तयारच होती.

महिनाभर मी पहाटे गोडाऊनच्या रस्त्यावर धावत होते. वेळ जवळपास जमत होती, पण शेवटच्या टप्प्यात पाय गळायचे. ग्राउंड शनिवारी. गुरुवारी दुपारी मी भिवंडीत एका जिममध्ये गेले. खाली लूमचा कारखाना, वर जिम, दोन ते चार बायकांची वेळ. खाली लूम सुरू असल्यामुळे वरची जमीन आपोआप हलायची, त्यामुळे नुसतं उभं राहिलं तरी व्यायाम केल्यासारखं वाटायचं.

तिथल्या ट्रेनर बाई म्हणाल्या, "पहले कभी लेग्ज़ किया है?"

"नहीं. लेकिन परसों ग्राउंड है."

"तो आज मत करो. ग्राउंड के बाद आना."

मी हसले. बाईंना काय माहीत? मी आख्खं बी.ए. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून पास झाले होते. वर्षभराचा पोर्शन एका रात्रीत संपवणाऱ्या मुलीला दोन पायांचा पोर्शन किती जड जाणार? बाई दुसऱ्या कोणाला तरी वजनं दाखवायला वळल्या आणि मी सुरू झाले. शंभर बैठका. मग खांद्यावर लोखंडी दांडा घेऊन पन्नास. मग एक पाय पुढे टाकून वाकायचं ते, भिंतीपासून भिंतीपर्यंत, वीस फेऱ्या. घरी येताना पाय थरथरत होते. मला वाटलं, ताकद भरतेय.

शुक्रवारी सकाळी मी अंथरुणातून उठले नाही. उठता आलंच नाही. मांड्यांच्या जागी कोणीतरी रात्रीतून दगडी पाटे बसवले होते. बाबांनी बगलेत हात घालून मला उभी केली, तर गुडघे वाकेनात. मग खरा प्रश्न आला तो आमच्या परसातल्या संडासाचा. तिथे बसायचं असतं. आणि बसलं की उठायचं असतं. बाबांनी गाठी बांधायचा जाड दोर आणला, वरच्या वाशाला बांधला आणि दोन गाठी मारल्या. "वरची धरून बस, खालची धरून ऊठ," म्हणाले. वीस वर्षं हमाली केलेल्या माणसानं ग्रॅज्युएट मुलीसाठी लावलेला तो शोध होता.

चहा मी उभ्यानं प्यायले. भाकरीही उभ्यानं खाल्ली.

आई पाटी भरत माझ्याकडे बघत होती. "चल माझ्यासंगं," ती म्हणाली.

"आये, मला जागचं हलता येत नाय. आज आराम करते. उद्या ग्राउंड हाय."

"आज बसलीस तर उद्या पार लाकूड होशील. तुझा बाबा पयल्यांदा गाठी उचलून आला तवा दुसऱ्या दिवशी असाच रडत व्हता. मुकादमानी हाकलत नेला, तवा सुटला."

"मी रडत नव्हतो," बाबा म्हणाले.

"रडत व्हतात," आई म्हणाली आणि पाटी डोक्यावर घेतली.

मलाही कॉल लेटरची झेरॉक्स काढायचीच होती. एका कापडी पिशवीत कॉल लेटरचं पाकीट ठेवलं. त्यावर आईनं पाटीत न मावलेल्या मेथीच्या दोन जुड्या कोंबल्या, आणि मी निघाले. निघाले म्हणजे काय, कंपास पेटीतलं कर्कटक जसं चालवतात तशी चालले. रस्त्यात ओळखीच्या बाया थांबायच्या.

"काय गो, पोरीला काय झाला?"

आई न थांबता उत्तर द्यायची, "काय नाय. ग्रॅज्युएट झाली."

भिवंडीत पहिलंच गिऱ्हाईक तिसऱ्या मजल्यावर. ओझं कमी व्हावं म्हणून मी पिशवी जिन्याच्या खालच्या पायरीवर ठेवली. (इथे माझं शिक्षण पुन्हा एकदा कमी पडलं.) कठड्याला लोंबकळत चढले. उतरताना मात्र डोळ्यांपुढे काजवे चमकले. सरळ उतरणं शक्यच नव्हतं, म्हणून मी तोंड जिन्याकडे करून, शिडी उतरतात तशी उलटी उतरू लागले. गिऱ्हाईक बाई वरून बघत होती.

"मावशी, तुमची मुलगी उलटी का उतरते?"

"शिकलेली हाय. त्यांची पद्धत असंल."

उलटी उतरत असल्यामुळे खाली काय चाललंय ते मला दिसलं नाही. शेवटची पायरी उतरून वळले, तर एक शेळी माझ्या पिशवीत तोंड घालून उभी होती. मी "हट्!" म्हटलं. तिनं दचकून मान वर केली, पिशवीचे बंद तिच्या गळ्यात अडकले, आणि मेथी, पिशवी, माझं कॉल लेटर आणि माझी पोलिसातली नोकरी गळ्यात घालून ती गल्लीतून पळत सुटली.

मीही पळाले.

पहिली दहा पावलं माझ्या तोंडून जे आवाज निघाले ते मी आजपर्यंत कोणाला काढून दाखवलेले नाहीत. शेळी गटार ओलांडून गेली, मी गटार ओलांडून गेले. ती लूमच्या कारखान्यापुढून वळली. तिथे चहा पिणारे कामगार उठून उभे राहिले.

"मैडम, लेफ्ट से! लेफ्ट से काटो!"

"अरे छोड़ो, बकरी जीतेगी."

मागून आईचा आवाज येत होता, "गुडघं उचल गो! गुडघं उचल!" तीन गल्ल्या झाल्या. मग शेळी एका दारात थांबली, कारण ते तिचंच घर होतं. दारात एक म्हातारी चाची बसली होती.

"क्या हुआ बेटी? मेरी बकरी ने क्या किया?"

"मेरी नौकरी खा रही है," मी कसंबसं म्हटलं.

चाचीनं शेळीच्या गळ्यातून पिशवी काढली. मेथी संपली होती. पाकिटाचा कोपरा नव्हता, आणि आतल्या कॉल लेटरवरच्या फोटोतला माझा डावा कान नव्हता. बाकी नाव, नंबर, शिक्का, सगळं ओलं पण शाबूत. चाचीनं पाणी दिलं आणि खुर्ची पुढे केली.

"बैठ जा."

"नहीं चाची. बैठी तो फिर उठूँगी नहीं."

आई धापा टाकत आली. पाटी डोक्यावर जशीच्या तशी, एक वांगं हललं नव्हतं. तिनं आधी मला खालून वर बघितलं, मग कॉल लेटर, मग शेळी.

"पलता येतं ना तुला? मंग सकालपासून कन्हत कशाला व्हतीस?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मांड्या दुखत होत्या, पण वाकत होत्या. आई मला तसंच दुपारपर्यंत आणखी चार इमारती फिरवून घेऊन आली. संध्याकाळी बाबांनी तेल गरम करून पाय चोळले आणि म्हणाले, "उद्या पयल्या फेरीला लोकांकडं बघू नको. ओझं उचलताना पयली गाठच जड लागते."

शनिवारी ग्राउंडवर कागद तपासणाऱ्या हवालदारांनी कॉल लेटर उलटसुलट केलं.

"फोटोतला कान कुठाय?"

"शेळीनं खाल्ला साहेब."

त्यांनी माझ्या खऱ्या डाव्या कानाकडे बराच वेळ बघितलं. "इथे आहे," म्हणाले आणि शिक्का मारला.

साडेसात फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत मी शेवटून दुसरी होते (शेवटच्या मुलीची चप्पल तुटली होती). लोकांकडे बघितलं नाही. दुसऱ्या फेरीत मांड्या गरम झाल्या. तिसरीत दुखणं तेवढंच राहिलं, पण मला त्याची सवय झाली. सहाव्या फेरीत, जिथे माझे पाय रोज गळायचे, तिथे पुढच्या मुलीची वेणी डावी-उजवीकडे उडत होती, आणि मला त्या वेणीच्या टोकाला माझं कॉल लेटर दिसायला लागलं. तारेच्या कुंपणाबाहेरून भाजीवालीचा खणखणीत आवाज आला, "गुडघं उचल गो!" आजूबाजूच्या चार मुलींनीसुद्धा गुडघे उचलले.

मी वेळेत आले. आठ सेकंद राखून. पुढे लेखी झाली, यादी लागली, यादीत माझं नाव होतं. आमच्या घरात पहिली सरकारी नोकरी लागली. तो दोर मात्र बाबांनी सोडला नाही. स्वतःसाठी ठेवला, म्हणाले फार सोयीचा आहे.

माझी पहिली ड्युटी वडपे नाक्यावर लागली. ट्रकांच्या रांगेत बारा तास उभं राहायचं, रोज. पहिल्या दिवशी घरी येऊन मी बूट काढले आणि भिंतीला टेकून पाय पसरले. बाबांनी तेलाची वाटी पुढे सरकवली. आधी देव्हाऱ्याशेजारच्या फोटोकडे बघितलं, मग माझ्या सुजलेल्या घोट्यांकडे.

"पंधरा वर्षं शिकवली," ते आईला म्हणाले, "आणि शेवटी पायांवरच आली."