पारखी चैतराम

बालाघाटात पारखी माणूस एकच, तो म्हणजे आमच्या दीपिकाचा बाप, चैतराम. पह्यले फक्त कोंबड्यांचा होता, आता पिक्चरचाही झाला. मी त्याची बायको पुष्पलता, मले काय समजते?

बिरसा गावाकडं कोंबड्यांची झुंज लागते. पायाले पातं बांधून सोडतात, आणि हारला तो कोंबडा जितणाऱ्याच्या हंडीत जाते. आमचा कोंबडा सरदार जितत आला, पण एक डोळा गमावून बसला. पिल्लू असताना मीच त्याले तांदळाची कणी चारून जगवलं होतं. आता याले नेऊ नका म्हणून मी किती डोकं फोडलं, पण ऐकते कोण!

शेवटी दीपिकानं टीव्हीवर एक जुना काळापांढरा पिक्चर लावला. पाहून तरी बाप सुधरंल, असं तिले वाटलं. अर्धा आंधळा झालेला बॉक्सर, आणि त्याले रिंगणात ढकलणारा मालक. मारामारी जराशीच. बाकी सारा वेळ त्याची बायको सैपाकघरात उभी राहून रेडिओवर झुंज ऐकते. नुसतं त्याचं ताट वाढते आणि झाकून ठेवते.

आमच्या पारख्यानं काय विचारावं? म्हणे, हा हारला तं जितणाऱ्यानं याले घरी काहून नाही नेलं! पण शेवटी ढसढसा रडला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर भाषण सुरू. उजेड पाहा, सावली पाहा, याले म्हणतात कला. टिकाराम पानवाला बिचारा चुना लावायचा विसरला. मी म्हणलं, चला, सरदार वाचला.

रविवारी सकाळी कणी घेऊन गेली, तं खुराडं रिकामं.

सांजेले हा रिकामी थैली घेऊन आला. बाजेवर बसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "काय लढला सरदार! एकदम पिक्चरसारखा."

असा राग आला मले! मी उठून सैपाकघरात गेली. हातपाय धुऊन तो सैपाकघरात आला. ओट्यावर ताट झाकून ठेवलं होतं.

"पिक्चरातली ते बाई असंच ताट झाकते," मी म्हणलं. "पाह्यलं होतं का तुम्ही?"

"हौ ना. सगळ्यात झकास सीन तोच," म्हणत त्यानं झाकण उचललं.

ताटात सरदारची सकाळची कणी होती.