पाणथरी काढल्यावर

सोमवारी दुपारी माझ्या नवऱ्याला ताप आला. मंगळवारी सकाळी तो गेला.

त्याआधी दोन वर्षं ढोकीच्या रस्त्यावर उसाची ट्रॉली उलटली होती. डाव्या बरगडीखाली मार बसून त्याची प्लीहा फाटली. ती काढावी लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, "लसी दिल्यात, तरी ताप आला की घरी थांबायचं नाही. थेट दवाखाना."

सासूबाईंना, मी त्यांना आत्या म्हणते, उलट हायसं वाटलं. प्लीहेला आमच्याकडं पाणथरी म्हणतात. हिवतापात धाकट्या भावाची पाणथरी वाढलेली आणि त्याच्या पोटावर बिब्ब्याचे डाग दिलेले त्यांनी लहानपणी पाहिले होते. ताप तिथंच घर करतो, ही त्यांची समजूत.

"पाणथरीच न्हाय, तर ताप बसंल कुठं?"

"डॉक्टर काय म्हणले, आई?" नवरा हसत विचारायचा.

"त्येनं आधी काढली, मग भ्या घातलं."

पुढं पुढं तोही तसंच म्हणायला लागला.

त्या सोमवारी मी शाळेच्या प्रशिक्षणासाठी उमरग्याला मुक्कामी होते. मला उगीच घोर नको म्हणून दोघांनी फोन केला नाही. आत्यांनी पट्ट्या ठेवल्या, काढा दिला. पहाटे त्याच्या पायांवर जांभळे चट्टे उठले, तेव्हा शेजाऱ्यांनी गाडी काढली. मी कळंबच्या दवाखान्यात पोचले तेव्हा त्याच्यावर चादर ओढलेली होती.

नंतर मी पुस्तकं आणून वाचत बसले. प्लीहेत बारीक धमन्यांभोवती पांढऱ्या पेशी जागा धरून असतात. एका जातीच्या धमनीला बिलगून, दुसऱ्या जातीच्या शेजारी पुंजके करून. त्यांच्या कडेला एक पट्टा असतो. रक्त तिथं संथ होतं, आणि गुळगुळीत आवरणाचे, इतर कुठं सहज हाती न लागणारे जंतू तिथल्या पेशी धरतात. वाचताना मला ती मांडणी सुंदर वाटली, आणि मी पुस्तक मिटलं.

परवा भाकरी थापता थापता आत्यांनी विचारलं, "पाणथरी तर न्हवती गं. मग ताप आला कुठनं?"

"रक्तातनं, आत्या."

"आन् ती असती तर?"

मी तव्यावरची भाकरी उलटली.

पुस्तकातलं त्यांना मी अजून काही सांगितलेलं नाही. घरात आता आम्ही दोघीच आहोत.