मी चुकलो तर कोण बोलणार?

जीपची किल्ली फिरवण्याआधी कॅप्टन भिंगारदिवे मागं वळून एकच प्रश्न विचारायचे, "मी चुकलो तर कोण बोलणार?" कुणीतरी हात वर करून "मी" म्हटल्याशिवाय गाडी हलायची नाही. पहिल्या दिवशी मला वाटलं, म्हातारा चक्रम आहे. काष्टीच्या शाळेत मी नव्यानं रुजू झाले होते आणि त्यांच्या घराच्या वरच्या खोल्यांत भाड्यानं राहायला आले होते. शाळेपर्यंत सोडतो, असं घरमालक म्हणतात तर नाही कसं म्हणायचं? मी मुकाट्यानं हात वर केला.

"बोलायचं म्हणजे काय म्हणणार?" त्यांनी विचारलं.

"काका, जरा सांभाळून."

"चूक. नुसतं 'फेरी' म्हणायचं. ओरडून."

फेरी हा त्यांचा शब्द. उतरताना काही बिनसलं, की विमान पुन्हा वर उचलायचं, आकाशात एक फेरी मारायची आणि नव्यानं उतरायचं. जीपमध्ये फेरी म्हणजे ब्रेक, एवढाच फरक. "म्हणणाऱ्यानं कारण सांगत बसायचं नाही आणि ऐकणाऱ्यानं कारण विचारायचं नाही," असं ते बजावायचे.

कर्जतकडच्या एका खेड्यातल्या हेडमास्तरांचा हा मुलगा. जन्मभर प्रवासी विमानं उडवली आणि निवृत्त होऊन इथं शेळ्या पाळल्या. गोठ्यातसुद्धा कडक इस्त्रीचा शर्ट. शेळ्यांना ते इंग्रजीत झापायचे आणि शेळ्या ऐकायच्या, असा त्यांचा ठाम समज होता. दर रविवारी वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून चर्चला नेणं हे त्यांचं काम. दारात भोंगा वाजवून म्हणायचे, "चला मावशी, विमान सुटतंय!"

स्वयंपाकाला भामाबाई होत्या, माझ्याही आधीपासून. एका सकाळी कॅप्टननी स्वतःच्या चहात चमचाभर मीठ ढवळलं. भामाबाईंनी ते पाहिलं. पाहिलं आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "साखर संपत आली का वो क्याप्टन?" कॅप्टननी मोठा घोट घेतला आणि थेट अंगणात जाऊन थुंकले.

"भामा, हे काय सांगणं झालं?"

"आता मालकाच्या तोंडावर कसं म्हनावं, की तुमी मीठ टाकलं? बरं दिसतं व्हय?"

मी हसून लोळत होते. ते हसले नाहीत. खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बाई, माझं विमान याच चहात बुडालं होतं."

त्या दिवशी प्रथमच त्यांनी ती हकीकत सांगितली. ते तेव्हा नवखे सहवैमानिक होते. शेजारी बसलेले कॅप्टन म्हणजे त्यांचे गुरू, त्यांनीच हाताला धरून शिकवलेलं. विमान उतरवायची वेळ, भरदिवसा मुसळधार पाऊस, वारा मागून, विमान हवं त्यापेक्षा उंच आणि वेगात. हे सगळं भिंगारदिव्यांना समोरच्या काट्यांवर स्वच्छ दिसत होतं. ते म्हणाले, "सर, वारा थोडा मागून वाटतोय." गुरू "हूं" म्हणाले. मग हे म्हणाले, "सर, पाऊसही बराच आहे, नाही का?"

"आमच्या घरी वडिलांना कुणी 'चुकलं' म्हणत नसे. भाजीत मीठ नसलं, तर आई 'आज भाजी जरा हलकी झाली' म्हणायची. वडीलधाऱ्यांना सुचवायचं, ते ओळखतात. पण धावपट्टी ओळखत नाही, बाई."

अर्धी धावपट्टी मागं गेल्यावर चाकं टेकली. पट्टीवर पाणी साचलेलं, चाकं पाण्यावरूनच घसरत राहिली, ब्रेक धरेचनात. विमान टोकाचं कुंपण तोडून खड्ड्यात नाकावर आदळलं. जीव कुणाचा गेला नाही, पण एका प्रवासी बाईंचा पाय कायमचा गेला. चौकशीत वारा, वेग, उंची, पाणी अशी सगळी कारणं निघाली. मग विमानातलं बोलणं ध्वनिमुद्रणावरून ऐकवलं गेलं.

"माझा आवाज इतका गोड होता, की मलाच शरम वाटली. कारणं चार होती, मान्य. पण चारही मोडायला एक शब्द पुरला असता, आणि तो माझ्या तोंडात होता." मग म्हणाले, "त्या बाई इस्पितळातून घरी जाताना मी दारात उभा होतो. तिथंही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही."

मला तेव्हा फार वाईट वाटलं. पण साखरेच्या जागी मीठ का पडलं, हे विचारायचं मात्र आम्हा दोघींनाही सुचलं नाही.

ते कळलं हिवाळ्यात. काष्टीचा बाजार करून आम्ही परतत होतो. कॅप्टन चालवत होते, मी शेजारी, भामाबाई मागं भाजीच्या पिशव्यांत. दिवस मावळायला आला होता. पुढं रस्त्यातच उसाची ट्रॉली बंद पडलेली, मागं ना दिवा ना लाल फडकं. कॅप्टन मजेत शीळ घालत होते आणि वेग कमी होत नव्हता. 'काका, पुढं काहीतरी उभं आहे वाटतं' हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. अगदी गोड. ते गिळून मी किंचाळले, "फेरी!"

त्यांनी समोर पाहिलंसुद्धा नाही, आधी ब्रेक दाबला. जीप थांबली तेव्हा ट्रॉलीबाहेर आलेले ऊस काचेपासून हातभर होते.

"काय होतं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"ऊस."

ते डोळे बारीक करून बघत राहिले. मागं भामाबाई येशूचं आणि भैरोबाचं नाव आलटून पालटून घेत होत्या. मला मात्र येता रविवार दिसत होता, जीपभर म्हाताऱ्या आणि शीळ घालणारे कॅप्टन. खरं अवघड वाक्य पुढंच होतं. गाडी म्हणजे त्यांचा प्राण, आणि मी त्यांच्या मुलीच्या वयाची.

"काका, आजपासून तुम्ही गाडी चालवायची नाही. अजिबात."

त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "आवाज बरोबर होता," ते म्हणाले. ते खाली उतरले, गाडी जेमतेम शिकलेली मी स्टिअरिंगमागं सरकले आणि ते पुढून वळसा घालून माझ्या जागेवर येऊन बसले. "विमानात कॅप्टन डावीकडंच बसतो. म्हणजे ही बढतीच झाली. चला, पायलट!"

नगरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, आणि तो बराच पुढं गेला होता. कॅप्टन पुढं बरीच वर्षं डावीकडं बसले. माझ्या गिअर टाकण्याला नावं ठेवत, दर वळणावर "फेरी!" ओरडत त्यांनी मला नको नको केलं, आणि त्यातली निम्मी ओरड अगदी योग्य होती.

मागच्या उन्हाळ्यात ते झोपेतच गेले. रविवारची जीप आता मी, जन्मानं कुलकर्णी, चर्चला नेते. डावीकडची जागा भामाबाईंची आहे. किल्ली फिरवण्याआधी मी विचारते, "मी चुकले तर कोण बोलणार?"

"मी," भामाबाई हात वर करून म्हणतात. आणि बोलतात.