बाईंच्या हाताला गुण आहे

चाळिशीत मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. पाथर्डीकडच्या एका गावात उपकेंद्राची नर्स म्हणून अर्धं आयुष्य काढलं होतं. शिक्षण एएनएमचं, म्हणजे लसी, सुया, बाळंतपणं. जीएनएम केलं की मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स होता येतं, म्हणून नगरच्या नर्सिंग कॉलेजात नाव घातलं. वर्गातल्या पोरी मला काकू म्हणायच्या. म्हणा बाई! मला त्याचं काही नव्हतं. राग यायचा तो हात बांधल्याचा. गावात मी एकटीनं बाया मोकळ्या केल्या होत्या, आणि इथं शिकाऊ म्हणून चादरी बदला, ताप बघा, ट्रे धरा. नियम बरोबर होता, म्हणून तर जास्तच चिडचिड व्हायची.

गावाची माझ्याबद्दल एक समजूत होती, बाईंच्या हाताला गुण आहे. बाईंच्या हातचं बाळंतपण अडत नाही. कसला कपाळाचा गुण! जरा अवघड दिसलं की मी जीप बोलवायचे आणि बाईला तालुक्याला धाडायचे, एवढंच. पण ती जीप कुणाच्या लक्षात राहिली नाही.

एका दुपारी माझी लेबर रूमला ड्यूटी होती. स्ट्रेचर आत आलं आणि मागून ओळखीचा आवाज, "सापडल्या गं बाई! आता काय भ्या न्हाई." आमच्या उपकेंद्रासमोर राहणारी म्हातारी आणि तिची थोरली सून. मुलगा ऊसतोडीला गेलेला, सून पोटुशी म्हणून घरी ठेवलेली.

"पाणी कधी गेलं, मावशी?"

"सकाळीच की, चुलीपाशी."

"मग तालुक्याच्या दवाखान्यात का नाही थांबलात? वाटेतच आहे ना!"

"जीपवाला थांबत हुता. मीच म्हनलं, चल पुढं. आमच्या बाई नगरला हायेत, लई मोठ्या नर्स व्हायल्यात. त्यांच्याच हातानं व्हऊ दे."



डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन ठेवलं. बाळाच्या ठोक्यांचा आवाज यायला हवा होता, येत होती ती नुसती खरखर. त्यांनी मशीन डावीकडं सरकवलं, खाली सरकवलं. मी ट्रे धरून उभी. सुनेनं माझी बाही घट्ट पकडली. "बाई, तुमी लावा ना हात. तुमी लावा." लावून काय करणार होते मी? बाळाच्या आधी नाळ खाली उतरून दाबली गेली होती. डॉक्टरीणबाईंनी कसलीही कसूर केली नाही. पण आता कुणाच्याच हातात काही उरलं नव्हतं.

मुलगी होती. चांगली भरल्या अंगाची, डोक्यावर दाट जावळ. तालुक्याला सिझरची सोय होती. सकाळी तिथं उतरले असते तर बहुतेक जगली असती पोर.

बाहेर बाकावर म्हातारीशेजारी जाऊन बसले. बाळ गेल्याचं तिला कळलं होतं, पण वाटेत तालुक्यालाच थांबायला हवं होतं, हे कोणत्या तोंडानं सांगू? आणि नाही सांगितलं तर? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मला रडूच फुटलं. आणि अहो, तीच माझे डोळे पुसायला लागली!

"रडू नका, बाई. तुमचा काय दोष? ह्यांनी तुमाला हातच लावू दिला न्हाई. न्हाईतर वाचलं असतं लेकरू."

मी मान हलवत राहिले. 

मग तीच म्हणाली, "धाकटीला बी दिवस गेल्यात. तवर व्हाल का हो तुमी पास? तिला हितंच आनते."

"नको मावशी!" मी जवळजवळ ओरडलेच. "कळ आली की लगेच तालुक्याला न्या. माझ्याकडं आणू नका. पाया पडते तुमच्या."

 म्हातारीनं पदर सारखा केला. मग हळूच, मान खाली घालून विचारलं, "रागावलात व्हय आमच्यावर?"